फ्रिजमधली बाटली

गेल्या मार्चमध्ये, मानपाड्याच्या एका पॅकिंग युनिटमध्ये, माझं दूध मोरीत ओतलं गेलं. ओतलं मालकांच्या बायकोने. त्यांना सगळे मॅडम म्हणतात.

माझी मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती. मी कामावर असताना कळव्याला सासूबाई तिला सांभाळत. पावडरचं दूध तिला पचत नव्हतं, ओकायची. म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी स्टोअरमध्ये खोक्यांमागे बसून दूध काढायचे. बाटली ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेवायचे. दुसऱ्या दिवशी तेच दूध तिला मिळायचं.

त्याच फ्रिजमध्ये ऑफिसातल्या गणपतीच्या नैवेद्याचे पेढे असत.

"ही कोणाची?" मॅडमनी विचारलं.

"माझी. बाळासाठी काढलंय."

"अंगातलं दूध? देवाच्या पेढ्यांशेजारी?" त्यांनी बाटली दोन बोटांत धरली होती. "तुमच्यात चालत असेल. आमच्यात नाही."

आम्ही बौद्ध. कामावर घेताना त्यांनी आडनाव विचारलं होतं. त्यावरून कळेना, म्हणून गाव विचारलं होतं.

रिकामी बाटली मला परत मिळाली. फ्रिज पुसायला माझ्यासोबत काम करणाऱ्या सुनंदाताईंना सांगितलं, मला नाही. मग मॅडमनी आत गोमूत्र शिंपडलं.

"आणि पेढे कशाचे असतात गं?" सुनंदाताई माझ्या कानाशी म्हणाल्या. मला हसू आलं नाही. रडूही नाही. मी पॅकिंगच्या बेल्टवर जाऊन उभी राहिले. युनिफॉर्म पुढून दुधाने ओला झाला होता. ओढणी पुढे घेतली.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत सासूबाईंचा फोन आला. "पावडर ओकली गं परत. आता रडायचंही थांबलीय. काय देऊ?"

मी स्टोअरमध्ये गेले. दूध काढलं. बाटलीवर मार्करने माझं नाव लिहिलं, आडनावासकट. मॅडम ऑफिसात टेबलाशी बसल्या होत्या. त्यांच्यासमोर फ्रिज उघडून बाटली पेढ्यांशेजारी ठेवली.

"काल सांगितलं ना तुला?"

"सांगितलं. मी रोज इथेच ठेवणार. ओतायची असेल तर सगळ्यांना बोलावते, त्यांच्यासमोर ओता."

"उद्यापासून येऊ नकोस मग."

"येणार," मी म्हटलं आणि बेल्टवर गेले.

संध्याकाळी सुटताना फ्रिज उघडला. बाटली जागेवर होती. पेढे काढून नेले होते.