दोघांत एक कार्ड

कवडू कंडक्टर अन् मी बंडू ड्रायव्हर, आमी दोघं बावीस वर्षं एकाच गाडीवर होतो. पहिले वर्धा-आष्टी, मंग वर्धा-नागपूर. आता दोघंही रिटायर. तो सेवाग्राम रोडले राह्यते, मी माह्या दीड एकरात वांगे लावतो. ही गोष्ट त्याच्यासमोर काढू नका, एवढंच सांगून ठेवतो. अर्धी मले त्यानं सांगितली, अर्धी त्याच्या नातीनं, पौर्णिमानं.

कवडू म्हणजे लय शिस्तीचा माणूस. गाडीत साठ पॅसेंजर असोत का नव्वद, मोजल्याशिवाय हा घंटी देत नसे. पॅसेंजर आधी चढले पाह्यजेत, कंडक्टर शेवटी. एखादी म्हातारी पाय घसरत चढे, मी हॉर्न वाजवू वाजवू थको, पण हा खालीच उभा. घरच्या लोकाइसोबतही तसाच. लग्नाले निघाले का पंचशील ध्वजाच्या कार्यक्रमाले निघाले, सगळ्याइचे तिकिटं याच्या खिशात. तशी आमच्या इकडची रीतच हाय ती. घरातला मोठा माणूस "पाच फुल, दोन हाफ" म्हणते, कंडक्टर मशिनीतून एकच तिकीट काढून देते, अन् सगळं घर त्या एका कागदावर जाते. कवडूनं तसे किती कागद फाडले असतील, त्याले स्वतःले ठाऊक नाई.

पौर्णिमा त्याच्या पोराची पोरगी. पोरगा-सून पुण्यात कंपनीत, ही लहानपणापासून आबाजवळ. नर्सिंगचं शिकली. पोरगी तेवीस वर्षांची झाली, पण आबानं तिले नागपूरले एकटं कधी सोडलं नाई. कॉलेजच्या कामाले जाये त हा सोबत, फॉर्म भराले जाये त हा सोबत. मी म्हणो, "अबे, पोरगी हाय का पार्सल हाय?" त्याले राग ये.

मांगच्या साली तिची सरकारी नर्सच्या भरतीची परीक्षा होती, नागपुरात, हिंगण्याकडच्या एका कॉलेजात. साडेआठले फाटक बंद. हे दोघं गेले. पोरीच्या मोबाइलवर नकाशा होता, पण कवडूले नकाशा कशाले? याले नागपूर पाठ! आता याचं पाठ असलेलं हिंगण्याकडचं नागपूर वीस वर्षांपूर्वीचं. भलत्याच चौकात उतरला, तिथून पायदळ, अन् फाटकावर पोचले तवा चार मिनिटं उशीर. पोरीनं हात जोडले, फाटक काही उघडलं नाई. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते खोटं नाई. पण बैल रिकामा राह्यला त राह्यला, पोरीचं वर्ष गेलं ना बावा. दोन महिने कवडू आमच्या पारावर आला नाई.

यंदा परत तेच कॉलेज, तेच साडेआठ. यंदा मात्र कवडूनं ठरवलं, चूक होऊ द्याची नाई. खापरीपर्यंत एसटी, तिथून मेट्रो. त्यानं मेट्रोचं कार्ड काढलं, त्यात पैसे भरले, अन् प्रॅक्टिस कराले तीन वेळा नागपूरले गेला. खापरीले चढे, सीताबर्डीले गाडी बदलवे, शेवटच्या ठेसनावर उतरे, ऑटोनं कॉलेजच्या फाटकाले हात लावून परत ये. कुठं किती मिनिटं लागले, सगळं वहीत.

पारावर येऊन मले शिकवे, "पाय बंडू, एसटीचं म्हातार्‍याचं कार्ड एकदा दाखवलं का झालं. याचं तसं नाई. आत जाताना टेकवा, बाहेर निघताना परत टेकवा. बदली करताना टेकवाचं नाई. निघताना कार्ड नसलं त दार उघडत नाई." मले म्हणे, तूही चाल एक दिवस, पाहून घे. माह्या वांग्याले पाणी द्याचं होतं, मी गेलो नाई. गेलो असतो त पुढचा घोळ तवाच ध्यानात आला असता. तीनही वेळा हा एकटाच गेलता.

परीक्षेच्या दिवशी सव्वापाचच्या गाडीनं निघाले. डिसेंबरचा महिना, बुटीबोरीच्या अलीकडं असं धुकं का ड्रायव्हरले बोनेट दिसेना. त्या ड्रायव्हरनं गाडी हळू घेतली, मीही तेच केलं असतं. खापरीले उतरले तवा सात वाजून अठरा मिनिटं झालते. कवडूनं वही पाह्यली. आत्ताची मेट्रो भेटली त फाटकावर आठ-वीस, पंचवीस. पुढची भेटली त गेलं वर्ष.

ठेसनात धावत शिरले. तिकिटाच्या खिडकीवर परीक्षेवाल्या पोराइची ही मोठी रांग. कवडू त्याइच्याकडं पाहून हसला, आपल्याजवळ कार्ड हाय! फाटकापाशी आला, पोरीले म्हणाला, "तू पहिले." कार्ड टेकवलं, हिरवं झालं, काचेचं दार उघडलं, पौर्णिमा आत. मंग आपल्यासाठी टेकवलं. लाल फुली. परत टेकवलं. लाल फुली. शर्टाले पुसून टेकवलं.

मांगचे लोक बोंबलाले लागले. गार्ड आला, म्हणाला, "काका, या कार्डावर एक जण आत गेलं. आता ते बाहेर निघेपर्यंत दुसरं कोणी जाऊ शकत नाही."

"अरे, पैसे हायत ना त्याच्यात! दोघाइचे काप."

"दोघांचे कापत नाही ते. एका वेळी एकच माणूस. तुम्ही खिडकीवरून तिकीट घ्या."

घ्या! हत्ती गेला अन् शेपूट अडकलं. ज्या माणसानं जिंदगीभर एका कागदावर अख्खे घरं नेले, त्याच्या डोक्यात हे येईलच कसं? मी असतो त मीही तेच केलं असतं.

आत गाडी लागल्याची घोषणा झाली. पौर्णिमा काचेच्या पल्याड, हा अल्याड. हिचं हॉल तिकीट, आधार कार्ड, फोटो, सगळं याच्या बॅगेत. परीक्षेत चालत नाई म्हून तिचा मोबाइलही तिथंच. यानं बॅगेतून कागदाची फाइल काढून फाटकावरून दिली. ऑटोसाठी पन्नासच्या दोन नोटा दिल्या. कार्ड मात्र मुठीत धरून उभा.

"आबा, कार्ड द्या," पौर्णिमा म्हणाली.

"तू थांब, मी तिकीट घेऊन आलोच."

"आबा, रांग पाहा. गाडी उभी आहे."

"तिकडं कोणी वयखीचं नाई, फोन नाई. एकटी जाशील?"

"जाईन."

मले विचाराल त कवडूच्या सगळ्या नोकरीत त्याले एवढं जड काही गेलं नसन. घाटात ब्रेक फेल झालता तवाही हा इतका घाबरला नव्हता, मी समोरच होतो. पण त्यानं कार्ड दिलं. पोरगी पळत सुटली, अन् हा मांगून वरडला, "सीताबर्डीले टेकवू नको! शेवटी उतरल्यावर टेकवजो!" ठेसनातले सगळे लोक पाहाले लागले.

रांगेत उभं राहून यानं तिकीट काढलं, पुढची गाडी पकडली, ऑटोनं कॉलेजपाशी पोचला तवा आठ वाजून एकेचाळीस. फाटक बंद. बाहेर उशिरा आलेले आठ-दहा पोरं-पोरी शिपायाशी हुज्जत घालून राह्यले होते, एक पोरगी रडून राह्यली होती. कवडूनं एकेकाचं तोंड पाह्यलं. पौर्णिमा त्याइच्यात नव्हती.

आता नव्हती म्हणजे आत गेली का नागपुरात कुठं हारपली, हे कोण सांगन? शिपाई नाव पाहून सांगाले तयार नाई. मंग यानं मले फोन केला. मी वांग्यात होतो.

"बंडू, पोरगी दिसत नाई रे."

"बाहेर नाई म्हणजे आत हाय."

"अन् आतही नसली त?"

मी म्हटलं, बस तिथंच, हलू नको. तो बसला. फाटकासमोर एका दुकानाच्या पायरीवर, अडीच तास. पाणीही प्याला नाई, का तेवढ्यात फाटक उघडन म्हून.

सव्वाअकराले पोरं बाहेर आले. पौर्णिमा शेवटून आली. आल्याबरोबर म्हणाली, "आबा, आठ बावीसला आत होते मी. पेपर चांगला गेला."

हा उठलाच नाई. तिनंच त्याले उठवलं. टपरीवर चहा सांगितला. अर्धा चहा झाल्यावर कवडू म्हणाला, "पौर्णिमा, मांगच्या साली मी सोबत नसतो, त तू टायमावर पोचली असती."

पोरगी गोड हाय, पण खोटं बोलाची नाई. ती कपाकडं पाहून म्हणाली, "हो आबा. पोचले असते."

कवडूनं मान हलवली. उरलेला चहा प्याला. तिनं कार्ड परत दिलं, त यानं घेतलं नाई, म्हणाला, ठेव तुह्याजवळ. ठेसनावर आपल्यासाठी वेगळं तिकीट काढलं. सकाळी तसलंच तिकीट घेऊन हा एकट्यानं आत गेलता, बाहेर निघालता. तरी फाटकापाशी थांबला, अन् तिकीट तिच्यापुढं धरून म्हणाला, "हे कुठं टेकवाचं असते, मले दाखव बरं."