गेटवरून परत पाठवलेली पाच पिंपं

निळ्या प्लास्टिकच्या पिंपात कुणी पाणी भरताना दिसले, की ती घटना मला आजही आठवते. पोलीस खात्यात हयात घालवली. खून पाहिले, दंगली पाहिल्या, एकदा अंगावर कोयताही आला. पण ज्या प्रकरणात ना कोयता होता ना बंदूक, त्यातच मी सर्वांत जास्त घाबरलो. यात मी कुणाचे नाव घेणार नाही. घ्यायचेच झाले तर आधी स्वतःचे घ्यावे लागेल.

तेव्हा मी सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्या हद्दीत कचरा डेपो होता आणि त्याच्या गेटवर मोठी पाटी होती. दवाखान्यातला कचरा, रसायने आणि रसायनांची रिकामी पिंपे, जुन्या बॅटऱ्या, धुमसती राख, मेलेली जनावरे यांतले काहीही इथे घेतले जाणार नाही, असे तिच्यावर लिहिले होते. अशा पाट्या गावोगावी असतात आणि त्यांच्या आडोशाला लोक बिड्या ओढतात. इथे मात्र गेटवर एक निवृत्त फौजी होता. पाटी म्हणजे त्याला वरून आलेला हुकूम वाटायचा. एकदा एका पुढाऱ्याची मेलेली म्हैस ट्रॅक्टरसकट त्याने परत पाठवली होती. ठाण्यात आम्ही त्याची थट्टा करायचो, की हा बॉर्डर सोडून आला पण बॉर्डर काही याला सोडत नाही.

उन्हाळ्याचे दिवस होते. दुपारी फौजीचा ठाण्यात फोन आला.

"साहेब, टेम्पो आला हुता. पाच पिंपं हुती, कवटीचं चित्र लावल्याली. म्या न्हाई घेतली. पर त्यो गडी पुढच्या वळणावर कुंपनाच्या बाहीर टाकून पळाला. गाडीचा नंबर लिवून ठेवलाय म्या."

मी यात्रेच्या बंदोबस्ताची यादी करत होतो. डोके तापलेले होते.

"तुम्ही आत घेतली नाहीत ना? मग झालं. बाहेरचं नगरपालिकेला कळवा. आम्ही काय पिंपं राखत बसू?"

तो "बरं साहेब" म्हणाला. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद घेतली की सदर बाब नगरपालिकेच्या अखत्यारीतील असल्याने तसे समजावून सांगितले. अशी वाक्ये आम्हाला तोंडपाठ असतात. मी पुन्हा यादीत डोके घातले.

त्यानंतर दोनच दिवसांनी सकाळी फौजी स्वतः ठाण्यात आला. इस्त्रीचा शर्ट, हातात गेटचे रजिस्टर.

"साहेब, काल माझी सुट्टी हुती. आज बघतोय तर पिंपं जाग्यावर न्हाईत. आन् गेटवरचं माझं कुत्रं मरून पडलंय, जितं पिंपं हुती तितंच."

कुत्र्याचे ऐकले आणि मी त्याच्या हातातले रजिस्टर ओढून घेतले. त्या दिवशीचे "बरं साहेब" त्याने न पटताच म्हटले होते, हे मला तेव्हा कळले.

नंबर होताच. तासाभरात टेम्पोचालक माझ्यापुढे उभा राहिला. तिशीचा, अंगाने भरलेला, नजर सारखी दाराकडे.

"लोनच्याची पिंपं हुती साहेब. खराब झाल्याली. वास येतोय म्हनून फौजीनं घेतली न्हाईत."

खोटे बोलणारा माणूस न विचारलेल्या प्रश्नाचेही उत्तर देतो, हे मला नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांतच कळले होते. मी आवाज चढवला नाही. बस म्हणालो, चहा मागवला. त्याने कप तोंडाजवळ नेला तेव्हा सहज बोलल्यासारखे म्हणालो, "घे, घे. तुझ्याच पिंपातलं पाणी आहे. आमच्या शिपायाने एक उचलून आणलं, धुतलं, भरलं. लोणच्याचंच होतं ना?"

ती शुद्ध थाप होती. पिंपांचा पत्ता आम्हालाच नव्हता. पण त्याचा कप टेबलावर आदळला, चहा माझ्या कागदांवर सांडला आणि तो भिंतीला जाऊन चिकटला.

"टाका साहेब त्ये. कुनी प्यालं का? साहेब, खरं सांगा, कुनी प्यालं का?"

मग त्याने सगळे सांगितले. धातूला मुलामा देणाऱ्या एका कारखान्यातली ती रिकामी पिंपे होती. असा विषारी माल नेऊन देण्याची ठरलेली जागा लांब होती. तेवढी खेप वाचवायला तो डेपोवर आला, फौजीने हाकलले, म्हणून वळणावर टाकून मोकळा झाला. मी त्याच्यासमोरच कारखान्यात फोन लावला. तिथला सुपरवायझर आधी आढेवेढे घेत होता. कुत्रे मेल्याचे सांगितले तेव्हा तो खरे बोलला. "सायनाइड आहे साहेब. तळाला पांढरं चिकटलेलं असतं. थोडंसुद्धा फार झालं."

आता पिंपे शोधायची होती. फौजीने सांगितले की डेपोच्या आसपासची पिंपे, डबे गोळा करून बाजारात विकणारी एक बाई आहे. आम्ही तिच्या घरी गेलो. अंगणात चार निळी पिंपे ओळीने उभी होती. चारही पिंपांवरची लेबले खरवडून काढलेली. लेबल असले की गिऱ्हाईक घेत नाही, म्हणून हे काम ती आधी करायची.

"तळाला मिठावानी हुतं साहेब. मला वाटलं लोनच्याचं हाय. म्या अजून धुतली न्हाईत. घेनारा आपल्या हातानं धुतो."

"पाचवं कुठंय?"

"काल इकलं की. माणातल्या बाजारात. लय गिऱ्हाईक असतंय तितं पिंपाला. एक म्हातारी घिऊन गेली. उद्या नातवाचं जावळ हाय, पावनं येनार, पानी साटवाया पायजे म्हनत हुती."

उद्या म्हणजे आज. घड्याळात साडेदहा वाजले होते. म्हातारीचे नाव नाही, गाव नाही. शेजारच्या जिल्ह्यातला दुष्काळी माण तालुका म्हणजे कोसा-कोसावर विखुरलेल्या वस्त्या. कुठेतरी एका दारात शंभर माणसे जेवायला बसणार आणि त्यांना त्या पिंपातले पाणी वाढले जाणार.

माझ्याबरोबर एक हवालदार होता, मूळचा माणचा. तो पिंपांकडे बघत म्हणाला, "साहेब, ती म्हातारी पिंप धुनार. आन् आमच्याकडं पिंप धुतल्यालं पानी कुनी वतून टाकत न्हाई. पयलं धुवान शेरडांना पाजत्यात."

मी नदीकाठचा माणूस. आमच्याकडे पिंप धुतले की पाणी गटारात जाते आणि कुणी तिकडे बघतही नाही. मला हे कधी सुचले नसते. मी त्याला तिथूनच माणमधल्या जनावरांच्या दवाखान्यात फोन लावायला सांगितले. कंपाउंडर म्हणाला, हो, सकाळीच एका वस्तीवरून निरोप आलाय, दोन शेळ्या तडफडून मेल्या. किराळ लागली असणार, डॉक्टर दुपारून जाणार आहेत.

किराळ म्हणजे पाण्यावाचून खुरटलेली कोवळी ज्वारी खाऊन होणारी विषबाधा, तीही सायनाइडचीच. हवालदाराने फोन हातात तसाच धरला आणि माझ्याकडे बघितले.

"साहेब, ज्वारी कवाच निघाली. रानात धाटाचा खुंट सुदिक न्हाई. किराळ कुठनं लागंल?"

वस्तीचे नाव मिळाले. तिथे रेंज नव्हती, पोलीस पाटलाचा फोन बंद. तिकडच्या ठाण्याला कळवले. त्यांची गाडी लांब होती, तरी निघाली. आम्हीही निघालो. विट्यापर्यंत दोन्ही बाजूंना ऊस, पुढे उजाड माळ. हवालदार मधूनच "पोचू साहेब" म्हणायचा, ते मला की स्वतःला कोण जाणे. माझ्या डोळ्यांपुढे डायरीतले ते एक वाक्य नाचत होते. त्या दुपारी एक शिपाई वळणावर पाठवला असता तर गोष्ट तिथेच संपली असती.

तिकडच्या ठाण्याची गाडी अजून पोचली नव्हती. वस्तीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर उभा होता आणि पाइप नुकताच खाली सोडलेला. दारोदार पिंपे, हंडे, कळश्या मांडलेल्या. एका दारापुढे छोटा मांडव, चुलीवर मोठे पातेले आणि पिंपांच्या रांगेत एक नवे निळे पिंप, खरवडलेल्या लेबलाचे. मी गाडी थांबायच्या आत उतरलो आणि पाइप हातात धरला.

"कुणी भरायचं नाही. बंद करा पाणी."

बायका खवळल्या. एकीने माझ्या अंगावर हंडाच उगारला. "आवं साहेब, पाच दिसांनी टँकर आलाय. आता पोलीस पानी बी अडवनार व्हय?"

मी ओरडून विचारले, "या पिंपातलं पाणी कुणी प्यालं का?"

मांडवातून म्हातारी पुढे आली. डोक्याला फडके बांधलेले, चेहरा उतरलेला. "त्यात पानी कुठलं? टँकर तर आता आला. काल रातच्याला शेजारनीकडनं बादली आनून इसळून ठिवलंय फकस्त."

"ते विसळलेलं पाणी?"

"शेरडांना ठिवलं घमेल्यात. सकाळी दोन मेली. किराळ लागली म्हनत्यात." तिने एकदा पिंपाकडे, एकदा माझ्याकडे बघितले आणि मटकन खाली बसली. नंतर कळले, सकाळपासून तिला मळमळत होते, डोके दुखत होते. पिंप तिने हाताने घासले होते. सुनेने जावळाचे बाळ उचलून छातीशी घट्ट धरले. ज्या बाईने हंडा उगारला होता, तिने तो खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला.

म्हातारीला तालुक्याच्या दवाखान्यात नेले. तीन दिवसांत ती घरी आली. पाचही पिंपे पंचनामा करून, सील करून, ज्यांना हा माल हाताळता येतो त्यांच्या ताब्यात दिली. चालकावर आणि कारखान्याच्या जबाबदार माणसांवर विषारी पदार्थाबाबत हयगयीचा गुन्हा दाखल झाला. कागदपत्रांत फौजीचा तो पहिला फोन आणि त्याला मी दिलेले उत्तर, दोन्ही जसेच्या तसे घातले. वरिष्ठांनी मला समज दिली. ती योग्यच होती.

महिन्याभराने म्हातारीचा पुरवणी जबाब घ्यायला मी स्वतः गेलो. जबाब वाचून दाखवला. त्यात गेटवर माल नाकारल्याचा उल्लेख होता. तिने तो दोनदा वाचायला लावला.

"साहेब, त्या फौजीनं न्हाई म्हटलं हुतं न्हवं?"

"हो."

"मग त्यानं कुनाला सांगितलं न्हाई व्हय?"

"मला सांगितलं होतं," मी म्हणालो.

नियम काय घ्यायचे नाही ते सांगतो, आणि 'नाही' म्हणणाऱ्याला वाटते आपले काम झाले. पण नाकारलेला माल हवेत विरत नाही. तो कुणाच्या तरी दारात जातोच. फौजीला ते कळत होते, म्हणून त्याने फोन केला. मी सुशिक्षित अधिकारी, मला कळले नाही. पुढे प्रत्येक ठाण्यात माझ्या माणसांना मी एकच विचारत आलो, की आपण नाही म्हटल्यावर ते गेले कुठे?

म्हातारी उठून आत गेली आणि तांब्या-फुलपात्र घेऊन आली. मी फुलपात्र हातात धरले आणि तसाच थांबलो. मला ते ओठाशी नेता येईना. ज्या भीतीने चालकाचा कप आदळला होता, तीच भीती माझ्या हातात आली होती. तिच्या ते लक्षात आले. तिने तांब्यातले पाणी आपल्या तळहातावर ओतले, माझ्यासमोर पिऊन दाखवले आणि ओला हात पदराला पुसला.

"प्या आता."

मी ते पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो. पाणी उरवायची रीत त्या घरात नव्हती.