साडेतीनचा खड्डा

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांच्या गोष्टी मला कधीच पटल्या नाहीत. अमरावतीच्या आमच्या घरी कुणी चकव्याचा विषय काढला की मी उठून जायचो. डॉक्टर झाल्यावर तर विचारूच नका... या सदरातले अनुभव वाचून मी बायकोपाशी त्यांची टिंगलही केली आहे. तरी आज स्वतः लिहायला बसलोय. भीती वाटते म्हणून नाही. लाज वाटते म्हणून.

साठ सालानंतरची गोष्ट. अकोल्यातलं एक हॉस्पिटल, नाव सांगत नाही. मी नुकताच पास होऊन तिथे हाउसमन म्हणून लागलो होतो. आमचे सर पुण्याकडचे, कामाला वाघ. धनुर्वाताच्या पेशंटवर त्यांनी एक अभ्यास चालवला होता. तेव्हा धनुर्वात म्हटलं की घरचे लोक आशाच सोडायचे. सरांचं म्हणणं असं, की झटके वाढायच्या आधीच गळ्याला छेद देऊन श्वासाची नळी घातली आणि कुणीतरी सतत शेजारी बसून नजर ठेवली, तर यातले बरेच जण वाचतील.

त्यासाठी व्हरांड्याच्या टोकाची एक खोली घेतली होती. उजेडाने आणि आवाजाने झटका येतो म्हणून खिडक्यांना काळे पडदे. आत एक खाट, नळीतला कफ ओढायचा पायाने चालणारा सक्शन पंप, आणि एक चार्ट. नाडी, श्वास, झटके — दर पंधरा मिनिटांनी मोजायचे आणि लिहायचे. तो चार्ट म्हणजेच सरांचा रिसर्च.

आता आमची लबाडी सांगतो. त्या अंधारात तासन्‌तास बसणं जिवावर यायचं. मग आम्ही ज्युनिअर मंडळी पुढच्या दोन-दोन तासांचे आकडे एकदम भरून मोकळे व्हायचो. पण सर हुशार. सारखेच आकडे दिसले की गरजायचे, "हा धनुर्वाताचा पेशंट आहे की पाटा-वरवंटा?" म्हणून आम्ही मध्येच कुठेतरी पेशंट बिघडलेला दाखवायचो आणि पुढच्या ओळीत सावरलेला. याला आमच्यात 'खड्डा टाकणं' म्हणायचे. खड्डा असला की चार्ट खरा वाटायचा. आम्हाला त्याचं हसू यायचं, हे लिहिताना आज मान वर होत नाही.

शेषराव नावाचा पेशंट होता. नांदगाव खंडेश्वरकडचा, हंगामात अकोल्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आलेला. मशीनमध्ये बोटं सापडली, जखमेवर शेण थापून आठ दिवस तसाच राबला, मग दातखीळ बसली. त्याची बायको पंचफुला, असेल विशी-बाविशीची, दाराशी बसून असायची. वॉर्डातल्या एका म्हातारीने तिला शेषरावच्या दंडाला गंडा बांधायला सांगितलं, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "दीक्षा घेतली तवाच सोडलं आमी ते सारं. डाक्टरसायेब सांगतीन तसं करू."

डॉक्टरसाहेब म्हणजे मी.

त्या दिवशी मामांनी माझ्यासाठी मुलगी पाहायचा कार्यक्रम ठरवला होता. जठारपेठेत, दुपारी तीन वाजता. सर, सिस्टर आणि बाकीचे ज्युनिअर एका मोठ्या ऑपरेशनमध्ये अडकलेले. म्हणजे शेषरावजवळ मी एकटाच. त्याचा श्वास बरा चालला होता. मी अडीचला बसलो आणि पावणेतीनपासून पाचपर्यंतच्या दहा ओळी भरून टाकल्या. खड्डा टाकला साडेतीनला — 'श्वास सहा, ओठ निळे, नळीत कफ, सक्शन केलं.' पावणेचारला लिहिलं, 'श्वास वीस, रंग सुधारला.' पुढच्या वेळा आधीच भरलेल्या कुणाला दिसू नयेत म्हणून चार्ट घडी करून खिशात घातला. पंप धुऊन ठेवला. पंचफुलाला म्हटलं, "आलोच मी." आणि सायकल काढली.

मुलीकडे बूट उंबऱ्याबाहेर काढून बसलो. चहा आला, पोहे आले. मुलीने बशी समोर ठेवली तेवढ्यात लांबून जिनिंगचा भोंगा ऐकू आला. मुलीचे वडील खिशातलं घड्याळ काढून म्हणाले, "बराबर साडेतीन. आमच्या अकोल्याचा भोंगा चुकत नाही." मी हसलो. शेषरावची आठवणही झाली नाही, मुलगी आवडली होती.

पाच वाजता परत आलो. पंचफुला दारात उभी होती, डोळे सुजलेले. मला पाहिल्याबरोबर तिने हात जोडले.

"डाक्टरसायेब, तुमी आले नसते त हे गेलेच होते."

मला काही समजेना. आत गेलो. शेषराव शांत झोपला होता. पण पंपाची बाटली, जी मी स्वच्छ धुऊन ठेवली होती, तिच्यात कफ साचला होता आणि तळाशी रक्ताळलेली गाठ होती. ती गाठ नळीत राहिली असती तर तो पाच मिनिटंही जगला नसता.

मी जपून विचारलं, "बाई, तवा वाजले किती होते?"

"भोंगा झाला ना, तवाच. यांचे ओठ निळे पडले, मी बोंबलाले लागली, अन् तुमी धावत आले. अनवाणीच. पायानं पंप चालवला, नळी साफ केली. मंग दोन शब्द बोलले अन् गेले."

अनवाणी... भोंगा झाला तेव्हा माझे बूट जठारपेठेत त्या उंबऱ्याबाहेर पडले होते.

अंधार होता, बाई घाबरलेली होती, दुसरं कुणी आलं असेल — हे सगळं मी मनाशी म्हणून पाहिलं. पण ती नळी साफ करता येणारे त्या वेळी सगळे ऑपरेशनमध्येच होते. चौकशी केली असती तर कदाचित उलगडा झाला असता. पण चौकशी केली असती तर मी पकडला गेलो असतो. खिशातून चार्ट काढला आणि खाटेला अडकवला.

शेषराव वाचला. सरांनी सगळ्यांसमोर तो चार्ट हातात धरून दाखवला, "याला म्हणतात observation!" पुढे त्यांच्या रिसर्च पेपरात तो चार्ट जसाच्या तसा छापून आला. घरी जाताना पंचफुलाने पुन्हा हात जोडले आणि मी तो नमस्कार घेतला. लग्नही त्याच मुलीशी झालं.

सहा-सात वर्षांनी मी अमरावतीला दवाखाना टाकला. एका सकाळी पंचफुला आली, मुलाला शाळेत घालायला गावात आली होती. शेषराव बाहेर मुलाचा हात धरून उभा, दोन बोटं नसलेला पण धडधाकट. त्याला पाहून मला राहवलं नाही. दार लोटून घेतलं आणि म्हटलं, "बाई, तुमाले एक गोष्ट सांगायची आहे. त्या दिवशी आलतो तो मी नव्हतो. मी तवा मुलगी पाहाले गेलतो. कागद खोटा लिहून गेलतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही, नवल वाटल्यासारखी.

"हे त तुमी तवाच सांगतलं होतं मले."

"मी?"

"नळी साफ झाल्यावर. माह्यासमोर हात जोडले अन् म्हनले, बाई, मी खोटं लिहून मुलगी पाहाले गेलतो, माफ करा. तवाच त भरोसा बसला मले तुमच्यावर. सायेब मानूस चूक कबूल करते, हे मी पयल्यांदा पाह्यलं." मग तिनेच विचारलं, "पन आता पुन्ना काहून सांगून राहिले?"

तेव्हा तिने दोनदा हात जोडले ते नुसत्या नळीसाठी नव्हे, मी कधी न मागितलेल्या माफीसाठी. ती भूत मानत नव्हती, देव मानत नव्हती, तिने मला मानलं होतं. आणि मी तर त्या खोलीत नव्हतोच.

तो कोण होता, मला आजही सांगता येत नाही. एवढंच कळतं, की मला जे बोलायला सात वर्षं लागली ते तो अनवाणी उभा राहून तेव्हाच बोलून गेला. सरांना तर मी शेवटपर्यंत सांगू शकलो नाही. ते गेले. तो पेपर अजून कुठल्यातरी लायब्ररीत असेल. त्या चार्टमधली साडेतीनची ओळ खरी आहे. बाकीच्या नऊ माझ्या आहेत.