साप नव्हे, फाशी

"साप लिहा, डागदर. साप चावून मेला. सही करा नि चहाले चला."

हिलालआबा पाटील एवढं बोलून मोकळे झाले. समोर त्यांचा बैल चारी पाय ताठ करून पडला होता. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. नाकातून काळपट रक्ताची धार. पहाटे बरा होता, न्याहारीच्या वेळेला मेला.

मी दोंडाईच्याच्या गुरांच्या दवाखान्यात नवाच लागलो होतो. मुंबईला परीक्षा पास झाल्याचा तोरा अजून उतरला नव्हता. सोला हॅट दोन बोटं मोठी होती, ती वारंवार डोळ्यांवर यायची, आणि मला वाटायचं लोक आदरानं बघताहेत.

मला बोलावण्याचं कारण वेगळंच होतं. मेलेलं जनावर ओढून नेणं आणि त्याचं कातडं काढणं हे गावानं ज्यांच्या माथी मारलेलं काम, त्या घरातले झिपरूनाना बैलाला हात लावायला तयार नव्हते. आणि आबांना कातडं हवं होतं. त्यांच्या विहिरीवरची मोट, म्हणजे पाणी ओढायची चामड्याची पिशवी, फाटली होती. पाऊस उघडला होता, मिरची पाण्यावाचून माना टाकत होती. सरकारी माणसानं 'साप' लिहून दिलं की झिपरूनानांना नाही म्हणायला तोंड उरणार नव्हतं.

"झिपऱ्या," आबा ओरडले, "शेवटलं इचारतो. सोलतोस का नई? नई तर खळ्यावर जवारी मांगाले येऊ नको."

नाना बऱ्याच लांब बाभळीखाली उभे होते. साठीचा, वाळक्या अंगाचा माणूस. गावकीच्या कामाबद्दल सुगीला मिळणारी ज्वारी हेच त्यांच्या घराचं वर्षाचं अन्न.

"नई, आबा," ते म्हणाले. "मी हात लावाव नई."

आता पंचवीसेक माणसं जमलेली. मला वाटलं, आपली विद्या दाखवायची हीच वेळ. पोट फाडून आतलं काळीज-फुप्फुस दाखवावं, दोन इंग्रजी नावं सांगावीत, वाद मिटेल. मी बाह्या वर केल्या आणि पोस्टमॉर्टेमची सुरी काढली.

"डागदरसाहेब, ती सुरी ठी द्या!" नाना तिथूनच ओरडले.

मी हॅट वर सारून पाहिलं.

"रंगत देखा. सकायथीन वाही ऱ्हायनं, थिजनं नई. हाई सापनं काम नई."

मी रक्ताकडे नीट पाहिलं. न गोठणारं रक्त, फुगलेलं पोट, अचानक मरण. ही फाशी. कुठे काळपुळीही म्हणतात, पुस्तकात अँथ्रॅक्स. आणि त्या पुस्तकात पहिल्याच पानावर जाड अक्षरांत लिहिलेलं, की असा संशय आला तर जनावर फाडू नका. का, तर रोगाचे जंतू रक्तात असतात. रक्ताला वारा लागला की ते कवच धरतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात. त्यावर चरणारं जनावर मरतं. सोलणाऱ्याच्या हाताला ओरखडा असला तर माणूसही मरतो. हे मी परीक्षेत सुवाच्य अक्षरात लिहून मार्क मिळवले होते. पंचवीस माणसं बघायला आली आणि मी ते विसरलो.

सुरी पिशवीत गेली. मी शक्य तितक्या गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, "मी तेच म्हणणार होतो."

बाभळीखाली नाना हसले असावेत. मी तिकडे पाहिलं नाही.

"आबा, मला तपासावं लागेल. तोवर कुणी हात लावायचा नाही."

"दिवस बुडेतोवर थांबतो. मंग शेजारच्या गावचे सोलकर बोलावतो. आन् झिपऱ्याचं काम कायमचं त्यांले देतो."

बैलाच्या कानाच्या टोकाला बारीक टोचा मारला, थेंबभर रक्त काचेच्या स्लाइडवर घेतलं, जखमेवर जंतुनाशक कार्बोलिकचा बोळा दाबला आणि सायकलवर बसलो. तीन कोस काळ्या मातीची वाट, वाळलेल्या चाकोऱ्यांचे खड्डे. अर्धी वाट सायकल माझ्यावर बसून आली.

दवाखान्यात स्लाइड निळ्या रंगात बुडवून मायक्रोस्कोपखाली धरली. बांबूची पेरं एकाला एक जोडावीत तसे जंतूंचे दांडके, रांगाच्या रांगा. संशय संपला. कार्बोलिकची बाटली पिशवीत टाकली, चुन्याची गोणी मागून बैलगाडीनं धाडायला सांगितली आणि उलट निघालो.

पोचलो तेव्हा दिवस बुडायचा होता, पण आबांचा धीर आधीच बुडाला होता. शेजारगावचे दोघे भाऊ आलेले. एक सुरी दगडावर परजत होता. त्याच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली मला आधी दिसली.

"थांबा!" मी बैल आणि त्यांच्यामध्ये उभा राहिलो. "फाशी आहे. मी डोळ्यांनी पाहिलं."

"कोठे देखं?" परजणाऱ्यानं विचारलं.

"मायक्रोस्कोपमध्ये. काचेतून."

"काचमाईन तर माले बी वाघ दिखना व्हता, जत्रामा," तो म्हणाला, आणि सगळे खो खो हसले. आबा सर्वांत मोठ्यानं.

मी कायदा सांगितला, साहेबाचं नाव घेतलं, जंतूंचं चित्र मातीत काढलं. चित्र गव्हाच्या लोंबीसारखं आलं. सुरी परजणं चालूच. मी जागचा हललो नाही, एवढीच माझी कर्तबगारी.

तेव्हा नाना बाभळीखालून पुढे आले. आबांकडे न बघता त्या परजणाऱ्याजवळ उकिडवे बसले.

"भाऊ, तुन्हा अंगठाले काय व्हयनं?"

"विळा लागना."

"मन्हा धाकला भाऊ असाच बैल सोलीसन गया. हातवर एक पुयी उठनी, कायीकुट्ट. दुखेच नई, म्हनीसन कोनी ध्यान दिनं नई. चौथा दिन त्याले खांदावर लई गवूत. त्यानी सुरी मन्हा घर शे. मी इकत नई, वापरत नई."

सुरीचा आवाज थांबला. त्या माणसानं चिंधी बांधलेला हात हळूच पाठीमागे घेतला. दोघे भाऊ उठले आणि राम राम न करता वाटेला लागले.

मग खड्डा. पुरुषभर खोल. आबांचे सालदार गडी तोंड फिरवून उभे, तेव्हा कुदळ मी घेतली. दहा घावांत माझी अवस्था पाहून नानांनी ती काढून घेतली आणि मग सालदारांनाही लाज वाटली. नाकात कार्बोलिकचे बोळे, बैल कातड्यासकट आत, खालची रक्ताळलेली माती आत, वर चुना, त्यावर काटे. आबा मोटेच्या आठवणीनं शेवटपर्यंत उसासत होते. आठवड्यात त्यांची एक गायही फाशीनं गेली. माणूस मात्र एकही गेला नाही. उरलेल्या गुरांना मी लस टोचली.

रिपोर्ट वाचून धुळ्याहून आलेले साहेब म्हणाले, "'रोग प्रथम कुणी ओळखला' या रकान्यात हे झिपरू कोण?"

"सोलण्याचं काम करतात, साहेब."

"मग तुमचं नाव घाला. बरं दिसतं."

"मी तर फाडायला निघालो होतो, साहेब."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हे लिहिलं नाहीत ते बरं केलंत," म्हणाले आणि सही केली. त्या कागदाची नक्कल मी चावडीवर मोठ्यानं वाचून दाखवली. सरकारी शिक्का आबांनी दोनदा बोट फिरवून तपासला.

सुगीला गुरं टोचायच्या निमित्तानं मी मुद्दाम आबांच्या खळ्यावर गेलो. नाना ज्वारीच्या पोत्याचं तोंड शिवत होते.

"दिली का आबांनी सगळी ज्वारी?"

"दिनी. बठ्ठी दिनी. बोलना मात्र नई."

रोग ओळखायला पुस्तक लागतंच असं नाही. ओळखणाऱ्याचं गावानं ऐकावं म्हणून मात्र शिक्का लागतो. शिक्का माझ्याकडे होता. मी एवढंच केलं की तो योग्य नावापुढे मारला.