चौदाव्या फेरीची रोपं

अनिसाला आमच्या लॅबमध्ये सगळे 'कटिंगवाली' म्हणत. मीही म्हणायचो. बारामतीच्या एमआयडीसीत आमची टिश्यू कल्चरची लॅब आहे, केळीची रोपं तयार होतात. मी तिथं फील्ड ऑफिसर. म्हणजे मोटरसायकलवर फिरून रोपं खपवायची, एवढंच काम. व्हिजिटिंग कार्डावर मात्र 'कृषी तंत्रज्ञान सल्लागार, अविराज' असं छापलंय. सल्ला कुणी मागत नाही आणि मला देता येत नाही.

अनिसा काटेवाडीची. वडिलांचं, महंमदभाईंचं, सायकल दुरुस्तीचं दुकान. बारावी सायन्स झाली, लग्न झालं आणि नवऱ्याच्या, मोईनच्या, ओळखीनं लॅबमध्ये लागली. चौदा वर्षं ती काचेच्या पेटीसमोर बसली. तोंडाला मास्क, हातात चिमटा आणि ब्लेड. बाटलीतला केळीच्या कोंबांचा गुच्छ बाहेर काढायचा, कोंब वेगळे करायचे, नव्या बाटलीत लावायचे. महिन्याभरानं त्या बाटलीतही गुच्छ होतो. तो पुन्हा कापायचा. याला आम्ही फेरी म्हणतो. चांगल्या झाडाचा मुनवा, म्हणजे बुडाशी फुटलेलं पिल्लू, आणून सुरुवात करायची आणि सात-आठ फेऱ्यांनंतर थांबायचं, हा नियम. त्यापुढं कापत राहिलं की रोपांचं वाण बिघडायला लागतं. बाटलीत ते दिसत नाही. शेतात दिसतं, पाच महिन्यांनी.

आमचे मालक नलवडेसाहेब. परदेशात पंधरा दिवसांचा कोर्स करून आले आणि नावाआधी डॉक्टर लावायला लागले. कुणी विचारलं नाही. विचारणारे सगळे त्यांच्याकडं पगाराला. भाषण करायला लागले की विकसनशील देशांतला भुकेला शेतकरी, जैवतंत्रज्ञानाची क्रांती, असले शब्द तोंडातून गळायचे. शेतकरी समोर आला की मात्र ते रुमाल नाकाला लावायचे. नवे मुनवे आणायचे, ते तपासायचे, रोगमुक्त करायचे, यात सहा महिने जातात. साहेबांना सहा महिने नको होते. आठव्या फेरीनंतर नववी झाली, दहावी झाली. झाकणावर मार्करनं फेरीचा आकडा लिहायची पद्धत होती. एके दिवशी साहेबांनी हुकूम काढला, सगळ्या बाटल्यांवर आठच लिहायचं.

बाकीच्या बायांनी लिहिलं. अनिसा ट्रे घेऊन थेट ऑफिसात आली. मी तिथंच खुर्चीत होतो.

"साहेब, ही चौदावी हाय. आठ कसं लिव्हू?"

"तू सायंटिस्ट आहेस का?"

"न्हाय. पण कापते मी. कोंब आता वेगळा फुटतोय. बुडाशी बारकं बारकं लय येतंय."

साहेब माझ्याकडं बघून हसले. "बघा, आता कटिंगवाल्या संशोधन करणार."

मीही हसलो. हे लिहून ठेवतोय, कारण पुढं मी कितीही भला माणूस असल्यासारखा वागलेला दिसलो तरी त्या दिवशी मी हसलो होतो.

अनिसानं आठ लिहिलं नाही. तिच्या हातच्या बाटल्यांवर चौदाच राहिलं. साहेबांनी दुसऱ्या बाईला बसवून ती झाकणं बदलून घेतली.

त्याच लॉटमधली सत्तावीसशे रोपं मी पळसदेवच्या रतनतात्यांना दिली. धरणाच्या पाण्याला लागून त्यांची दोन एकर. आयुष्यभर भाजीपाला केलेला माणूस, केळी पहिल्यांदाच लावत होता, तीही माझ्या शब्दावर. खड्डे, ठिबक, खत, सगळं त्यांनी माझ्यापेक्षा चोख केलं. पाचव्या महिन्यात फोन आला. "अविराज, जरा येऊन जा. झाडं वाढंना झालीत."

मी साहेबांना घेऊन गेलो. सोबत त्यांनी एक 'एक्स्पर्ट' आणला होता, डोक्याला गोल हॅट, हातात टॅब. बागेत निम्मी झाडं गुडघ्याएवढी, पानं आखूड आणि एकावर एक दाटलेली, काहींची जाड, वेडीवाकडी, पट्टे पडलेली. एक्स्पर्टनं बांधावरूनच फोटो काढले. त्याच्या बुटाला चिखल लागू नये याची त्याला जास्त काळजी होती.

"पाण्यात क्षार आहेत," तो म्हणाला. "शिवाय खताचा डोस चुकलाय."

"आणि हवामान बदल," साहेब म्हणाले.

रतनतात्या मान खाली घालून ऐकत होते. "चुकलंच आसंल माजं," ते म्हणाले. त्यांच्या बायकोनं केलेला चहा त्या दोघांनी घेतला नाही. मी घेतला, आणि साहेबांच्या मागोमाग निघालो.

दुसऱ्या दिवशी लॅबच्या दारात मी अनिसाला हे सांगितलं. का सांगितलं, माहीत नाही. मनाला थोडं बरं वाटावं म्हणून असेल. रविवारी मोईनच्या स्कूटरवर बसून ती पळसदेवला गेली. मीही गेलो.

ती चप्पल काढून बागेत शिरली. एकेका झाडाशी वाकून बघत पूर्ण दोन एकर फिरली. तासाभरानं बाहेर आली तेव्हा ओढणीला केळीचे डाग पडले होते.

"तात्या, खत चुकलं आसतं तर वळच्या वळ बिघडली आसती. ठिबक तुंबलं आसतं तरी तसंच. हितं बघा, हे झाड चांगलं, त्याच्या शेजारची दोन खुजी, परत एक चांगलं. पाणी एक, खत एक. ह्यो दोष बाटलीतनंच आलाय."

"तुमी कोण, ताई?"

"मीच कापलीत ही."

रतनतात्या तिच्याकडं बघतच राहिले. मला वाटलं आता शिवी देतील. ते म्हणाले, "म्हंजी माजं चुकलं न्हाय?"

"न्हाय तात्या. तुमचं कायबी चुकलं न्हाय."

त्या म्हाताऱ्यानं तिथंच बांधावर बसून डोळे पुसले. पीक गेल्याचं त्यांना दुःख होतंच, पण झाडं खुजी राहिल्यापासून ते स्वतःला अडाणी समजत होते. ते ओझं उतरलं.

अनिसानं त्यांना कृषी खात्याकडं तक्रार करायला लावली आणि स्वतःचं नाव, गाव घालून जबाब लिहून दिला. चौकशीला समिती आली. समितीनं बागेत दहा मिनिटं घालवली आणि शेजारच्या हॉटेलात मटणावर दोन तास. बागेतल्या त्या दहा मिनिटांत साहेब म्हणाले, "बारावी शिकलेल्या बाईच्या शब्दावर आपण विज्ञान ठरवणार का?" समितीतला एकजण हसला. तोच हसण्याचा सूर, माझ्या ओळखीचा.

अनिसा म्हणाली, "बाटलीतलं रोप वाईट हाय आसं मी कुठं म्हणते? चौदा वर्षं त्यावर घर चाललं माजं. आठव्या फेरीला थांबा, येवढंच म्हणते." मग तिनं माझ्याकडं बोट केलं. "ह्यांना ठावं हाय. इचारा."

सगळे माझ्याकडं वळले. मी म्हणालो, "मी फील्डवर असतो. लॅबमधलं मला माहीत नाही."

ती माझ्यावर रागावली नाही. फक्त मान हलवली, जशी दुकानदारानं माल संपला म्हटल्यावर आपण हलवतो.

अहवालात 'कारण निश्चित सांगता येत नाही' असं आलं. साहेबांनी रतनतात्यांना नवी रोपं फुकट दिली आणि तक्रार नाही अशा कागदावर सही घेतली. तात्यांनी केली. दुसरं काय करणार होते? अनिसाला त्याच आठवड्यात काढलं. साहेबांना पुढच्या वर्षी कसलासा पुरस्कार मिळाला. आता ते आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनाही रोपं विकणार म्हणतात. तिथल्या लोकांची मला आत्ताच कीव येते.

पण पळसदेवहून बातमी गावोगाव गेली. रोपांची गाडी यायची असली की शेतकरी आता आधी अनिसाला बोलावतात. रोजावर येते. सावलीत पोतं अंथरून बसते, पिशवीतलं एकेक रोप हातात घेते, पानाची बेचकी बघते आणि संशयाचं रोप बाजूला ठेवते. कटिंगवाली म्हणणारे तिला आता अनिसाताई म्हणतात. खुजं झाड लहानपणी ओळखणं कठीण, तीही कधीकधी चुकते आणि तसं सांगते. आमच्या एक्स्पर्टनं आजवर चुकलो असं कधी म्हटलेलं नाही.

मी अजून तिथंच आहे. गेल्या महिन्यात नरसिंहपूरला रोपांची गाडी घेऊन गेलो तर ती बसलेली. तीनशे रोपं तिनं वेगळी काढली. मी मुकाट्यानं परत गाडीत भरली.

"अविराजदादा, ही दुसऱ्या कुणाला देऊ नका."

"न्हाय देत."

रस्त्यात साहेबांचा फोन आला. पुढच्या गावात एकाला रोपं कमी पडली होती. मी ती तीनशे तिथं उतरवली, त्याला ठिबकचं वेळापत्रक समजावलं आणि घरी आलो.

आठ दिवसांनी अनिसाचा फोन आला. दुसऱ्याच कामासाठी केला होता, मग सहज विचारलं, "ती रोपं कुठं टाकली, दादा?"

"उकिरड्यात."

"लय बरं केलंत," ती म्हणाली.