गुळाच्या हातानं टोचलेलं बोट
गुऱ्हाळावरनं गरम काकवीचा वास आला, की मला तो दिवस आठवतो. पाव्हण्यांना गूळ वाटून मी आत आले आणि रक्तातली साखर बघायच्या मशीनसाठी बोट टोचलं. आकडा चारशे दहा! मालक, म्हणजे आमचे हे, म्हणाले, "बघत काय बसलीस? साखर उतरायची आनि येक गोळी घे की!" गोळी तोंडाशी नेली, तोच सुनेनं माझा हात धरला, "आवं आत्ती, थांबा, आदी डॉक्टरीणबाईंना इचारू." फोनवर बाईंनी एवढंच विचारलं, "आजी, हात धुतला होता का?" कुठला धुतेय! गूळ वाटलेला हात तसाच चिकट होता. साबणानं धुऊन, पुसून परत टोचलं, तर एकशे साठ. "ती गोळी घेतली असती, तर साखर फार उतरून तुम्ही बेशुद्धही पडला असता," बाई म्हणाल्या. मालक ओशाळून उठून बाहेर गेले, लय वेळ आत आले नाहीत. आता आठवलं की मला हसू येतं, पण त्यांच्यादेखत मी कधी हसले नाही.