बटन दाबलं का गोंडी

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. मला गोंडी येते. माझ्या आईची भाषा आहे ती. आणि एका गोंड बाळंतिणीसमोर उभं राहून मी म्हटलं, मला येत नाही.

आधी माझं काय झालं ते सांगते. त्यानं माझं पाप हलकं होत नाही, ते माहीत आहे.

कुरखेड्याकडच्या एका दवाखान्यात मी स्टाफ नर्स होते. नव्वदच्या दशकाची अखेर असेल. राउंड संपून चहा चालला होता. नागपूरच्या वरच्या कोर्सला एकीला पाठवायचं होतं. तो केला की पुढं वॉर्डाची इन्चार्ज होता येतं. नंबर माझा होता. आमच्या इन्चार्ज सिस्टरना मी ताई म्हणायची. त्या माझ्या डब्यातलं खायच्या आणि म्हणायच्या, "तयारी कर वो, यंदा तुलेच धाडतो."

डॉक्टरसाहेबांनी विचारलं, "मग कोण जातंय?"

ताईंनी माझ्यामागून लागलेल्या पोरीचं नाव घेतलं. मग माझ्याकडं बघून हसल्या.

"हिले कसं सोडाचं साहेब? ही तं आपली टेप हाये. बटन दाबलं का गोंडी चालू. ही गेली तं ह्या जंगल्यायशी कोन बोलन?"

सगळे हसले. साहेबही हसले. मी उष्टे कप गोळा करत होते. मीही हसले.

माझी ड्युटी कधी ऑपरेशन थिएटरला लागली नाही. कायम लेबर रूम, नाहीतर ओपीडीचं दार. सुट्टीतही क्वार्टरवर शिपाई यायचा, चला, कोणीतरी आलंय. आईच्या भाषेनंच मला खुंटीला बांधलं होतं, आणि दोर ताईंच्या हातात.

दुसऱ्या दिवशी ओपीडीतून हाक आली. मी म्हटलं, "मले गोंडी येत नाई."

"काऊन वो? कालपर्यंत तं येत होती!"

"टेप बिघडली, ताई."

जन्मात पहिल्यांदा नाही म्हटलं होतं. पाठ सरळ झाल्यासारखी वाटली.

मग ती गोंड बाई बाळंतपणाला आली. सकाळी कळा देताना तिनं माझं मनगट घट्ट धरलं. खोलीत आम्ही दोघीच होतो. न राहवून मी तिला गोंडीत धीर दिला. बाळ झालं, पण निळं पडलं. जीपमधून गडचिरोलीला नेलं, सोबत नवरा आणि सासू. इकडं बाळंतिणीला ग्लानी आली. जाग आली तेव्हा ती कुशीत हात फिरवत होती.

वॉर्डात सगळे ओरडून सांगत होते, "गडचिरोलीले नेलं! ग-ड-चि-रो-ली!" मोठ्यानं बोललं की मराठी कळते जणू. तिला एवढंच कळलं की लेकरू नाही. तिनं केस सोडले आणि मेलेल्यासाठी धरतात तो सूर धरला.

ताई म्हणाल्या, "सांग ना वो तिले."

"मले येत नाई."

बाई रडता रडता थांबली. माझ्याकडं बघत राहिली. सकाळी गोंडीत बोलणारी ती हीच, हे तिनं ओळखलं होतं.

संध्याकाळी जीप परतली, सासू उतरली, तोवर तिनं जिवंत लेकराचा शोक केला. लेकरू वाचलं. मला फसवलं ताईंनी. त्याचा सूड मी उगवला तो हिच्यावर.

कोर्स मी पुढं केला. उशिरा, भांडून. आता मी इन्चार्ज आहे. गोंडी येणारी पोरगी वॉर्डात आली की तिला सांगते, "बोल माय, तुह्या मनानं बोल. पण कोनाले बटन दाबू देऊ नको." तिचा नंबर आला की तीच जाते. मागं कोणाचं अडत असेल तर त्यांनी गोंडी शिकावी. साहेबांनीसुद्धा.

त्या बाईचं गाव मला माहीत आहे. एसटी जाते तिथं. मी अजून गेले नाही. जाणार आहे. तिच्यासमोर उभं राहून, तिच्या भाषेत, सांगायचं बाकी आहे: मला येत होती, आणि मी बोलले नाही.